कृषिसंग्रहालय-वास्तुकला आणि पनवेलचा खारपट्टा

शेतीची अवजारे, धान्य साठविण्याची साधने, शेतकऱ्यांची घरे, पाण्याची व्यवस्था आणि त्यांच्याशी निगडित जीवनपद्धती यांचे जतन व दर्शन घडविण्यासाठी बांधलेल्या वास्तूंची आणि त्यांच्या परिसराची रचना, असा कृषिसंग्रहालय-वास्तुकलेचा स्थूलमानाने अर्थ करता येईल. तथापि या व्याख्येत एक अडचण आहे. नाणे, मूर्ती किंवा लघुचित्र मूळ स्थानावरून उचलून दालनात ठेवले, तरी त्याच्या अर्थाचा बराचसा भाग त्याच्याबरोबर येतो. नांगर, इरले किंवा कणगी यांच्या बाबतीत तसे घडत नाही. ज्या मातीसाठी फाळ घडविला ती माती, ज्या पावसासाठी इरले विणले तो पाऊस आणि ज्या कुटुंबाच्या वर्षाच्या पोटगीसाठी कणगी लिंपली ते कुटुंब, हे सर्व मागे राहते व दालनात केवळ लाकूड, पाने आणि बांबू येतात. त्यामुळे अशा संग्रहालयाचे वास्तुदृष्ट्या मूल्यमापन करताना इमारतीच्या बाह्यरूपापेक्षा ती आपल्या पायाखालच्या भूमीशी व पाण्याशी कोणते नाते राखते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. या कसोटीचा विचार करण्यासाठी उत्तर कोकणातील पनवेलचा परिसर विशेष उद्‌बोधक आहे. कारण तेथील शेतीची भूमी ही स्वतःच माणसाने बांधलेली एक वास्तू होती आणि गेल्या अर्धशतकात तिचे नगरात झपाट्याने रूपांतर झाले आहे.

पनवेल (रायगड जिल्हा) हे गाढी नदीच्या काठी, खाडीच्या टोकाशी वसलेले जुने व्यापारी गाव. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यानंतर देशावरचा माल येथवर बैलगाड्यांनी येई व पुढे जलमार्गाने मुंबईस जाई. बैलगाडीची चाके बनविण्याचा येथील धंदा एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरांतही नोंदविलेला आढळतो. नगरपालिका १८५२ मध्ये, तर महानगरपालिका २०१६ मध्ये अस्तित्वात आली. गावाभोवतीच्या भूमीची रचना डोंगरापासून खाडीपर्यंत उतरत्या पायऱ्यांची आहे. वर प्रबळगड, कर्नाळा यांसारखे डोंगर व त्यांवरील जंगल; त्याखाली नाचणी-वरीची वरकस जमीन; मग गोड्या पाण्यावरची भातखाचरे; त्यांच्याही खाली, भरतीच्या पातळीलगत, खारजमीन; आणि शेवटी मिठागरे व खाडी. या पायऱ्या परस्परांवर अवलंबून होत्या. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर डहाळ्या, पाला व शेण यांचा राब भाजावा लागे आणि त्याचा पुरवठा जंगलातून होई. उरण तालुक्यातील चिरनेर येथील १९३० चा जंगल सत्याग्रह कायदेभंगाच्या चळवळीचा भाग होता हे खरेच. पण जंगल बंद झाले की शेत अडते, हा रोजचा अनुभवही त्याच्यामागे होता.

या रचनेतील सर्वांत कसबाचा भाग म्हणजे खारजमीन. खाडीकाठचा दलदलीचा पट्टा मातीच्या बांधाने बंदिस्त करून भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढायचे, हे तिचे तत्त्व. बांधात ठिकठिकाणी उघाडी बसविलेली असते. भरतीच्या वेळी ती बंद राहते, ओहोटीला उघडते व आतील पाणी खाडीत जाते. पावसाळ्याच्या आरंभी क्षार धुऊन गेल्यावर हीच उघाडी आतील गोडे पाणी अडवून धरते. उधाण व भांग यांचे तिथीवार गणित शेतकऱ्याला पंचांगाइतके पाठ असावे लागे. अशा जमिनीत बहुधा नांगरट केली जात नसे व राबही भाजला जात नसे. मोड आणलेले बी चिखलात फेकून पेरीत असत. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण कृषिसंग्रहालय म्हटले की दाराशी नांगर उभा करण्याची प्रथा पडली आहे आणि खारपट्ट्याच्या बाबतीत ते चिन्हच मुळात चुकीचे ठरते. तेथील शेतीचे मुख्य अवजार बांध आणि उघाडी हे होते. काळा राता, भुरा राता यांसारख्या क्षारसहिष्णू जाती याच शेतीने निवडून जपल्या. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने (आता डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत) पुढे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भातजाती प्रसारित केल्या. एखाद्या गावाचे नाव भाताच्या बियाण्याला मिळणे, हाही एक प्रकारचा वारसाच होय.

बांधाला सामाजिक बाजूही होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धतीने बंदिस्त केलेल्या जमिनींत बाहेरील बांध राखण्याची जबाबदारी बंदिस्ती करणाऱ्या मालकाची असे आणि त्यासाठी कुळांकडून भाताच्या रूपाने वेगळी आकारणी होई. आतील लहान बांध कुळांनी सांभाळावयाचे. मालक-कुळांमधील तणावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेला शेतकऱ्यांचा संप. पुढे १९४८ व १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी बांधांची देखभाल क्रमशः शासकीय यंत्रणेकडे आणली. म्हणजे ज्या भूदृश्याकडे आज ‘निसर्गरम्य’ म्हणून पाहिले जाते, ते श्रम, करार, आकारणी व संघर्ष यांच्या योगाने उभे राहिलेले होते. कृषिवारशाला केवळ सौंदर्यमूल्य देणारे संग्रहालय त्यामुळे आपल्या विषयाचा निम्मा भाग वगळते.

संग्रहालयांच्या इतिहासात शेतीला मिळालेले स्थान सुरुवातीपासून दुय्यम, किंबहुना उपयुक्ततावादी होते. मुंबईतील आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा (स्थापना १८५७; इमारत खुली १८७२; सध्याचे नाव १९७५ पासून) उगम व्यापारोपयोगी वस्तूंच्या संग्रहात आहे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर वसाहतींतील कच्च्या मालाची जी मांडणी सुरू झाली, तिचाच तो एक फाटा. ओतीव लोखंडाच्या खांबांच्या भव्य दालनात शेतकरी, कारागीर व विविध जातीजमातींचे लोक मातीच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपाने काचेच्या कपाटांत बसले. या प्रतिकृती कौशल्यपूर्ण आहेत. परंतु वास्तू आणि विषय यांचा परस्परसंबंध तेथे शून्य आहे. ईजिप्तमधील कैरो येथील कृषिसंग्रहालय (१९३८) एका राजकन्येच्या राजवाड्यात थाटले गेले, हे त्याचेच दुसरे रूप. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय (२००४) हे सिंधुकाळापासून आधुनिक संशोधनापर्यंतचा प्रवास माहितीपूर्ण रीतीने मांडते. त्याची बैठक मात्र मुख्यतः प्रदर्शनकक्षाची आहे.

यापेक्षा वेगळी वाट आर्तुर हाझेलियुस (१८३३–१९०१) याने स्टॉकहोममधील स्कान्सेन (१८९१) या खुल्या संग्रहालयाने दाखविली. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतील शेतघरे उचलून आणून त्याने ती एका टेकडीवर पुन्हा उभारली. घर आले, अंगण आले, गुरेही आली. परंतु ज्या शेतामुळे ते घर तसे बांधले गेले, ते शेत आले नाही. या उणिवेवरचे उत्तर फ्रान्समध्ये झॉर्झ आंरी रिव्हिएर (१८९७–१९८५) व यूग द व्हारीन यांच्या विचारांतून पुढे आले. ‘इकोम्युझियम’ ही १९७१ मधील संज्ञा इमारतीऐवजी प्रदेश, संग्रहाऐवजी वारसा आणि प्रेक्षकांऐवजी रहिवासी समाज यांना संग्रहालयाचे घटक मानते. संकल्पना म्हणून ती निर्दोष वाटते. व्यवहारात मात्र ती एका गोष्टीवर अवलंबून असते: तो समाज त्या भूमीवर अजून राहत असला पाहिजे आणि ती कसण्याचे त्याला काही कारण उरले असले पाहिजे.

भारतात या दोन्ही वाटांचे पडसाद उमटले. भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या (स्थापना १९७७) विस्तीर्ण आवारात निरनिराळ्या समाजांतील कारागिरांनी स्वतः उभारलेली घरे आहेत. घर बांधणारा हात अस्सल असावा हा त्यामागील आग्रह मोलाचा आहे, कारण कुडाची भिंत किंवा शाकारलेले छप्पर टिकते ते जतनाच्या रसायनांनी नव्हे, तर दरवर्षीच्या सारवण्या-शाकारण्याने. तथापि शामला टेकडीच्या एकाच उतारावर हिमालयीन, वाळवंटी व किनारी वस्त्या शेजारी शेजारी आल्याने स्कान्सेनचीच मर्यादा येथे पुन्हा उद्‌भवते. समुद्रकाठच्या घराला समोर समुद्र नसेल, तर त्याचे जोते इतकेच उंच का, हे फलक वाचूनच समजून घ्यावे लागते. त्याच शहरातील मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालयात (२०१३) वास्तुशिल्पी रेवती कामत (१९५५–२०२०) यांनी टेकडीचा उतार न मोडता त्याच्यावर छपरे टेकविली. तेथे निदान जमिनीचा चढ-उतार प्रेक्षकाच्या पायांना कळतो.

चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांचा विचार पनवेलच्या संदर्भात दोन कारणांनी आवश्यक आहे. साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालय (१९५८–६३) व दिल्लीचे राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय (१९७५–९०) या वास्तूंत त्यांनी भारतीय खेड्यातील अंगण, ओसरी व गल्ली यांचा आधुनिक संग्रहालयासाठी अतिशय संयमित उपयोग केला. छत नसलेली मोकळी जागा हीदेखील खोलीच होय, ही त्यांची जाण ग्रामीण घरातून आलेली आहे. तथापि शेतकऱ्याच्या घरातले अंगण हे मुख्यतः कामाचे ठिकाण असते: तेथे भात वाळते, पेंढा रचला जातो, सुगीत त्याचेच खळे होते. संग्रहालयाच्या अंगणात यांपैकी काही घडत नाही. तेथे आकार उरतो आणि काम जाते. दुसरे कारण अधिक थेट आहे. मुंबईच्या पूर्वेस, खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही सूचना १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून ज्या तिघांनी मांडली, त्यांत प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्याबरोबर कोरियाही होते. सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निर्धारित करण्यात आल्या. ग्रामीण अवकाशाचे मर्म ज्याला उत्तम कळले होते, अशा वास्तुशिल्पीच्या नगरकल्पनेसाठी हजारो एकर भातशेती द्यावी लागली, हा आधुनिक भारतीय वास्तुकलेतील एक मोठा अंतर्विरोध आहे. त्यात व्यक्तिगत दोषापेक्षा काळाची धारणा अधिक दिसते: नकाशावर खारपट्टा ‘मोकळा’ दिसत होता.

तो मोकळा नव्हता, हे जानेवारी १९८४ मध्ये स्पष्ट झाले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यातील जासई परिसरात १६ व १७ जानेवारी रोजी झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकारास आली. जासई येथील हुतात्मा स्मारक हे या अर्थाने पनवेल-उरण पट्ट्यातील कृषिवारशाचे अत्यंत महत्त्वाचे स्थळ होय, जरी वारसास्थळांच्या चर्चेत त्याची गणना सहसा होत नाही. भूखंड परत मिळाला म्हणजे शेत परत मिळाले नाही, याची नोंद मात्र स्मारकस्तंभ करू शकत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारची संस्था लागते.

कृषिवारशाचे दर्शन घडविणाऱ्या मराठी मुलखातील व लगतच्या प्रयत्नांत दोन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला कोल्हापूरजवळील कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना येथे उघड्या माळावर मानवी आकाराच्या सिमेंटच्या शिल्पांतून साकार केली आहे. नांगरणी, मळणी, बैलबाजार, बलुतेदारांची कामे असे प्रसंग प्रेक्षक चालत चालत पाहतो. त्याची लोकप्रियता निर्विवाद आहे आणि तिची अवहेलना करण्याचे कारण नाही. ज्या पिढीने मोट पाहिली ती पिढी ज्या पिढीने पाहिली नाही तिला येथे काही सांगू शकते, ही संग्रहालयाने साधलेली मोठीच गोष्ट होय. टीका करावयाची ती माध्यमावर. सिमेंट हे काळ थांबविणारे द्रव्य आहे. त्यात घडविलेल्या गावाला दुष्काळ, कर्ज, वाटणी व स्थलांतर यांचा स्पर्श होत नाही. बलुतेदारी ही देवघेवीची व्यवस्था म्हणून दिसते, तिच्यातील उच्चनीचता दिसत नाही. तसेच भूदृश्य येथे देखाव्याच्या पार्श्वभूमीपुरते येते.

दुसरा प्रयत्न गोव्यातील सासष्टी तालुक्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेले गोवा चित्र (२००९) हे संग्रहालय. गोव्याची पारंपरिक शेती-अवजारे, मापे, घाणे, भांडी इत्यादी सु. चार हजार वस्तू त्यात आहेत. वास्तूसाठी पाडल्या गेलेल्या जुन्या घरांचे खांब, दरवाजे, खिडक्या इ. अवशेष वापरले असून लगत शेतीही केली जाते. वस्तू आणि तिचा वापर यांच्यातील अंतर येथे एका कुंपणाइतके कमी झाले आहे. एखादे अवजार कपाटातले न राहता शेजारच्या वाफ्याचा भाग वाटते. समकालीन वास्तुकलेच्या दृष्टीनेही यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे: जुन्या रूपाची नक्कल न करता जुने द्रव्यच नव्या कामाला लावले आहे. एक शंका मात्र घेता येते. कोरीव खांब व जाड दरवाजे साहजिकच सुबत्तेच्या घरांतून मिळतात. कुळाच्या वा मुंडकाराच्या झोपडीचा पाडल्यानंतर उचलावा असा अवशेष उरत नाही. त्यामुळे राबणाऱ्याची अवजारे मालकाच्या छपराखाली मांडली जाण्याची शक्यता अशा प्रत्येक वास्तूत असते आणि संग्राहकाची नजर जितकी सजग, तितकीच ती टळते.

गोव्याचा उल्लेख पनवेलच्या दृष्टीने केवळ शेजारी म्हणून नाही. गोव्यातील खाजन शेती व रायगडातील खारशेती या एकाच तंत्राच्या दोन शाखा आहेत; तेथील मानस ती येथील उघाडी. गोव्यात बांधाची व्यवस्था गावकरीच्या सामूहिक संस्थेकडे होती व मानशीतील मासेमारीच्या हक्काचा लिलाव करून उत्पन्न मिळे, तर रायगडात ती बहुतांशी मालक व कुळे यांच्यात विभागलेली होती. खारपट्ट्याच्या संग्रहालयाला हा फरक वस्तूंच्या मांडणीतून सांगता येणार नाही, कारण उघाडीच्या फळ्या दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच. तो सांगण्यासाठी बांधावरून चालावे लागेल आणि कोणता बांध कोणाच्या अंगावर होता, हे जागेवर दाखवावे लागेल.

पनवेलच्या मैदानावरील सर्वांत लक्षवेधी समकालीन वास्तू अर्थातच संग्रहालय नव्हे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेले व २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेले नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उलवे व गाढी नद्यांच्या खोऱ्यात, टेकडी कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि सखल जमिनीवर भराव घालून उभे राहिले आहे. त्यासाठी अनेक वस्त्या हलविण्यात आल्या. झाहा हदीद आर्किटेक्ट्स या संस्थेने आखलेल्या त्याच्या टर्मिनलचे रूप कमळावरून घेतलेले आहे. स्थापत्यकौशल्य म्हणून ते अभ्यसनीय आहे. परंतु स्थानाशी नाते जोडण्यासाठी प्रतीकाचा आधार घेण्याची जी प्रवृत्ती समकालीन वास्तुकलेत बळावली आहे, तिचे ते ठळक उदाहरणही आहे. कमळ हे गोड्या, संथ पाण्याचे फूल. या मैदानाची प्रकृती खाऱ्या, दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्याची. तेथील भूमीच्या स्मृतीला त्या फुलाशी काही देणेघेणे नाही. विमानतळाने कृषिवारसा सांगावा अशी अपेक्षा अर्थात कोणी करणार नाही. पण हीच रीत जेव्हा संग्रहालयाच्या आराखड्यात येते व छपराला लोंबीचा बाक किंवा भिंतीला बांधाची नागमोड देऊन शेतीशी नाते जोडल्याचे समाधान मानले जाते, तेव्हा दोष अक्षम्य होतो. कौलांच्या बाबतीतही तेच. मंगलोरी कौल हे सरसकट ‘खेड्याचे’ चिन्ह म्हणून वापरले जाते. वस्तुतः ते बाझल मिशनच्या १८६५ मधील कारखान्यापासून पसरलेले औद्योगिक उत्पादन आहे आणि खारपट्ट्यातील गरीब कुळाचे घर त्यानंतरही दीर्घकाळ पेंढ्याने वा गवताने शाकारलेले असे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण चीनमधील भूदृश्यशिल्पी कोंगजियान यू (१९६३–२०२५) यांच्या शनयांग वास्तुकला विद्यापीठाच्या परिसराचे. तेथे त्यांनी इमारतींमध्ये शोभेची हिरवळ न लावता भातखाचरे ठेवली, पावसाचे पाणी साठवून त्यांना दिले व लावणी-कापणी हा विद्यार्थ्यांच्या वर्षक्रमाचा भाग केला. शेतीचे रूप उसने घेण्यापेक्षा शेतीच ठेवावी, इतका साधा हा विचार आहे. पनवेल तालुक्यातही, तारा येथे युसूफ मेहेरअली केंद्राने (स्थापना १९६१) ग्रामोद्योग वस्तूंच्या रूपाने मांडण्याऐवजी प्रत्यक्ष चालविण्याचा मार्ग पत्करला. त्याला संग्रहालय म्हणत नाहीत, परंतु चालता घाणा बंद घाण्यापेक्षा अधिक सांगतो.

खारपट्ट्याचे तत्त्व नव्या शहरात एका अनपेक्षित ठिकाणी टिकून आहे, याकडे वास्तुसमीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. नवी मुंबईतील सखल उपनगरांत, कळंबोलीसह, पावसाचे पाणी साठविण्यासाठी धारण तलाव आखण्यात आले. भरतीच्या वेळी त्यांची झडपांची दारे खाडीच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर जाते. ही योजना डच धर्तीची म्हणून सांगितली जाते. पण तिचे वर्णन पूर्वीच्या कोणाही आगरी शेतकऱ्याला ऐकविले असते, तर त्याने तिला उघाडी म्हणूनच ओळखले असते. कृषिवारशाचे संग्रहालय खारपट्ट्यात उभारावयाचे, तर त्याची स्वाभाविक जागा अशा तलावाचा काठ ही होय. तेथे भरतीच्या वेळी दार मिटताना व ओहोटीला उघडताना पाहता येते. बियाण्यांचा संग्रह, संपादनाचे नकाशे, जमिनीच्या नोंदी व आंदोलनाची कागदपत्रे त्याच पाण्याशेजारी ठेवता येतात. आणि इमारतीला भरावावर उंच चढविण्याऐवजी खांबांवर हलकी ठेवता येते, जेणेकरून तिच्या खालून पाणी जाईल. भराव घालून बांधलेले खारशेतीचे संग्रहालय हे आपल्या पहिल्याच कृतीने आपला विषय पुसून टाकते.

मात्र या विचारापुढे एक खरीखुरी अडचण आहे आणि ती आराखड्याने सुटणारी नाही. खारबांध फुटला आणि वेळीच दुरुस्त झाला नाही, तर उधाणाचे पाणी आत शिरते व थोड्याच वर्षांत शेतात तिवरांची झाडी माजते. रायगड जिल्ह्यातील कित्येक खारशेते अशी खारफुटीखाली गेली आहेत. गाळ साचलेल्या धारण तलावांतही तीच झाडी उगवली आहे. खारफुटी किनाऱ्याचे रक्षण करते, माशांना व पक्ष्यांना आश्रय देते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयात तिच्या नाशाला कठोर प्रतिबंध केला, तो योग्यच होता. परिणामी तलावातील गाळ काढणे हेही न्यायालयाच्या परवानगीचे काम झाले आणि बुडालेले खारशेत पुन्हा लागवडीखाली आणणे त्याहून दुष्कर झाले. बांध हा मुळात याच झाडीला मागे हटवून घातलेला होता. त्यामुळे पनवेलच्या खाडीकाठी भूदृश्याचे जतन करावयाचे म्हणजे कोणत्या भूदृश्याचे, पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या भातशेताचे की त्याच्या जागी परतलेल्या कांदळवनाचे, हा निर्णय संग्रहालयाला पाया खणण्यापूर्वीच घ्यावा लागेल. तो घेताना वास्तुशिल्पी व वनाधिकारी यांच्याबरोबर बांधाची डागडुजी ज्यांना अजून आठवते, त्या वयोवृद्ध शेतकऱ्यांनाही विचारणे आवश्यक आहे. कोणत्या ठिकाणचा बांध राखण्याजोगा होता आणि कोणता दर उधाणाला फुटतच असे, हे त्यांच्याखेरीज आता कोणास ठाऊक नाही.